टाळता येणारे मृत्यू आणि कायद्याची पकड

जगातील सर्वांत श्रीमंत देश आपल्या बाळंतिणींचे मृत्यू किती काळ न मोजता राहू शकतो? अमेरिकेने २००७ सालचा माता मृत्यू दर जाहीर केला आणि त्यानंतरचा अधिकृत राष्ट्रीय आकडा आला तो थेट जानेवारी २०२० मध्ये, २०१८ या वर्षासाठी. मधल्या काळात मृत्यू होत होते, नोंदीही होत होत्या. पण त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. मृत स्त्री गरोदर होती का, किंवा नुकतीच बाळंत झाली होती का, हे विचारणारा एक चौकोन २००३ मध्ये प्रमाणित मृत्यू दाखल्यात घालण्यात आला. प्रत्येक राज्याने तो आपापल्या सवडीने स्वीकारला आणि सगळी राज्ये या रांगेत यायला २०१७ उजाडले. तोपर्यंत देशाची बेरीज करणेच अवघड होते.

आकडा आला तेव्हा त्यात दोन अमेरिका दिसल्या. २०१८ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १७.४ माता दगावल्या होत्या. गोऱ्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण १५ च्या आसपास होते, कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ३७ च्या पुढे. कोविडच्या साथीत, २०२१ मध्ये, कृष्णवर्णीय स्त्रियांचा दर ६९.९ वर गेला. साथ ओसरल्यावर, २०२३ मध्ये, गोऱ्या स्त्रियांचा दर १४.५ पर्यंत खाली आला. कृष्णवर्णीय स्त्रियांचा मात्र ५०.३ वर अडकून राहिला. म्हणजे तिपटीहून जास्त.

या आकड्यांवर एक गंभीर आक्षेपही आहे. मृत्यू दाखल्यावरचा चौकोन चुकून भरला गेल्यामुळे एकूण आकडा फुगतो, असे काही संशोधकांनी दाखवले आणि २०२४ मध्ये वेगळ्या पद्धतीने गणित मांडले. त्यात देशाचा दर बराच कमी निघाला. पण गोऱ्या आणि कृष्णवर्णीय स्त्रियांमधली दरी त्या गणितातही तशीच उरली. मोजपट्टी बदलली तरी अन्याय जागचा हलत नाही, ही या विषयातील पहिली पक्की गोष्ट.

दुसरी पक्की गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. रोगनियंत्रण आणि प्रतिबंध केंद्राने, म्हणजे सीडीसीने, ३६ राज्यांतील २०१७ ते २०१९ या काळातील गरोदरपणाशी संबंधित मृत्यू तपासले. त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू टाळता येण्याजोगे होते. अतिरक्तस्राव कसा थांबवायचा, वाढलेला रक्तदाब किती वेळात खाली आणायचा, रक्ताच्या गुठळीचा संशय आल्यावर कोणती तपासणी करायची, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. प्रश्न ज्ञानाचा नाही. असलेले ज्ञान एका विशिष्ट रंगाच्या स्त्रीच्या खाटेपर्यंत वेळेवर का पोहोचत नाही आणि ते पोहोचवण्याची सक्ती कायदा करू शकतो का, हा प्रश्न आहे.

पैसा आणि शिक्षणही वाचवत नाही

हा केवळ गरिबीचा प्रश्न आहे, अशी समजूत सहज होते. सीडीसीच्याच २०१९ मधील विश्लेषणाने ती खोडून काढली. महाविद्यालयीन पदवी असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण तितक्याच शिकलेल्या गोऱ्या स्त्रियांच्या पाचपटीहून जास्त निघाले. इतकेच नव्हे, शालेय शिक्षणही पूर्ण न झालेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षाही ते जास्त होते.

शॅलन अर्व्हिंग यांचे आयुष्य या आकड्याचे उदाहरण ठरावे असे होते. त्या सीडीसीमध्येच साथरोगतज्ज्ञ होत्या. सामाजिक विषमतेचा आरोग्यावर काय परिणाम होतो, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. जानेवारी २०१७ मध्ये, मुलीच्या जन्मानंतर तीन आठवड्यांनी, उच्च रक्तदाबातून उद्भवलेल्या गुंतागुंतीने त्यांचा मृत्यू झाला. मधल्या आठवड्यांत त्या पुन्हा पुन्हा दवाखान्यात गेल्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टेनिसपटू सेरेना विल्यम्स बाळंत झाल्या. आपल्याला रक्ताच्या गुठळ्यांचा जुना त्रास आहे हे त्यांना माहीत होते आणि श्वास अडखळताच त्यांनी सीटी स्कॅनची मागणी केली. वेदनाशामकांमुळे त्या गोंधळल्या असाव्यात, असे परिचारिकेला वाटले. त्यांनी हट्ट सोडला नाही आणि अखेर स्कॅनमध्ये फुप्फुसांत गुठळ्या सापडल्या. जगभर ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीला आपल्या देहाबद्दल इतके भांडावे लागत असेल, तर जिला कोणी ओळखत नाही तिचे काय होत असेल?

न ऐकण्याची ही सवय आजची नाही. १८४० च्या दशकात अलाबामातील माँटगमेरी येथे जे. मॅरियन सिम्स या शल्यविशारदाने गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या; अनार्का, लूसी आणि बेट्सी ही त्यांतील तिघींची नावे इतिहासाला माहीत आहेत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील त्याचा पुतळा हटायला एप्रिल २०१८ उजाडावा लागला. काळी त्वचा जाड असते, काळ्या माणसाला वेदना कमी होतात, या कल्पना त्या काळाबरोबर संपल्या नाहीत. व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि निवासी डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांना अशी किमान एक चुकीची समजूत खरी वाटत होती.

त्यात आणखी दोन कारणे मिसळतात. वंशभेदाला तोंड देत जगण्याचा ताण शरीर अकाली झिजवतो, हा विचार आर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये मांडला. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये उच्च रक्तदाब आणि हृदयविकार कमी वयात का दिसतात, हे त्यातून समजू लागते. दुसरे कारण रुग्णालयांचे. देशातील कृष्णवर्णीय स्त्रियांची सुमारे तीन-चतुर्थांश बाळंतपणे जेमतेम एक-चतुर्थांश रुग्णालयांत होतात आणि त्या रुग्णालयांतील काळजीचा दर्जा सरासरीपेक्षा खाली असतो. म्हणून एखाद्या डॉक्टरचे मन बदलले म्हणजे काम झाले, असे होत नाही.

कायद्याने दिलेले आणि कायद्याने हिरावलेले

मातांसाठी केंद्रीय कायदा करण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९२१ चा, शेपर्ड-टाउनर कायदा या नावाने. स्त्रियांना मताधिकार मिळून जेमतेम वर्ष झाले होते. या कायद्याने राज्यांना पैसे दिले आणि त्यातून गरोदर स्त्रियांसाठी केंद्रे, गावोगाव फिरणाऱ्या परिचारिका आणि सुईणींचे प्रशिक्षण उभे राहिले. डॉक्टरांच्या संघटनेने कडवा विरोध केला आणि १९२९ मध्ये कायदा संपुष्टात आला.

दक्षिणेतील खेड्यांमध्ये तेव्हा बाळंतपणे करत होत्या त्या कृष्णवर्णीय सुईणी. पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान असलेल्या या बायका काळ्या आणि गोऱ्या दोन्ही घरांत जात. नव्या व्यवस्थेने त्यांची नोंदणी केली, वर्ग घेतले, पिशव्या तपासल्या आणि पुढच्या दशकांत परवाने एकेक करून काढून घेतले. अलाबामाने १९७६ मध्ये परिचारिका नसलेल्या सुईणींचा व्यवसायच बंद करण्याचा कायदा केला. मोबाईल शहरातील ऑनी ली लोगन या नामवंत सुईणीची परवानगी १९८४ मध्ये थांबली. सुईणी गेल्या, पण त्यांच्या जागी विश्वासाचे माणूस आले नाही. आज अनेक राज्ये पुन्हा सुईणींना आणि डूलांना, म्हणजे बाळंतपणात सोबत करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांना, सरकारी विम्यातून मोबदला देऊ लागली आहेत. ओरेगन आणि मिनेसोटा यांनी सुरुवात केली. आता अशी राज्ये वीसहून अधिक आहेत. कायद्याने जे मोडले ते पुन्हा उभे करण्याचे काम कायद्यालाच करावे लागते आहे.

रुग्णालयांच्या बाबतीतही हेच घडले. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने देशभर रुग्णालये बांधायला सरकारी पैसा दिला, पण काळ्यांसाठी वेगळी व्यवस्था ठेवायला मुभाही दिली. ही मुभा १९६३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथील खटल्यात केंद्रीय न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना वंशभेद करायला बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी वृद्धांसाठी मेडिकेअर हा सरकारी विमा आला. आता प्रत्येक रुग्णालयापुढे साधा हिशेब होता: मेडिकेअरचे पैसे हवे असतील तर काळ्यांचे वेगळे वॉर्ड बंद करा. १९६६ मध्ये काही महिन्यांतच हजाराहून अधिक रुग्णालयांनी आपले दरवाजे उघडले. वर्षानुवर्षांच्या विनंत्यांनी जे झाले नाही ते पैशाला जोडलेल्या एका अटीने झाले. पुढच्या सगळ्या कायद्यांकडे पाहताना हा धडा हाताशी ठेवायला हवा.

पहिले पाऊल: मृत्यूची चौकशी

एप्रिल २०१६ मध्ये लॉस एंजेलिसमधील एका नामांकित रुग्णालयात कीरा जॉन्सन आपल्या दुसऱ्या मुलासाठी सिझेरियनला दाखल झाली. तब्येत ठणठणीत, गर्भारपण सुरळीत. तिची सासू, ग्लेंडा हॅचेट, माजी न्यायाधीश आणि दूरचित्रवाणीवरची प्रसिद्ध व्यक्ती. शस्त्रक्रियेनंतर थोड्याच वेळात लघवीच्या पिशवीत रक्त दिसू लागले. नवरा चार्ल्स तासामागून तास विनवत राहिला. त्याच्या साक्षीनुसार, तातडीचे म्हणून सांगितलेले स्कॅन झालेच नाही आणि तुझी बायको सध्या आमच्या प्राधान्यात नाही, असे त्याला ऐकावे लागले. तिला पुन्हा शस्त्रक्रियेसाठी नेले तेव्हा पोटात साडेतीन लिटर रक्त साचले होते. ती वाचली नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये चार्ल्स जॉन्सनने संसदीय समितीपुढे हे सारे सांगितले. रिपब्लिकन जेमी हरेरा ब्यूटलर आणि डेमोक्रॅट डायना डिगेट यांनी मिळून मांडलेला माता मृत्यू प्रतिबंध कायदा डिसेंबरमध्ये संमत झाला आणि २१ डिसेंबर २०१८ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्याने राज्यांतील माता मृत्यू परीक्षण समित्यांना केंद्राचा निधी दिला. प्रसूतितज्ज्ञ, परिचारिका, शवविच्छेदनतज्ज्ञ, समाजसेवक एकत्र बसतात आणि गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर वर्षभरात झालेल्या प्रत्येक मृत्यूची कागदपत्रे वाचतात. मृत्यू गरोदरपणामुळे झाला का? टाळता आला असता का? कोणत्या टप्प्यावर, कोणी, काय करायला हवे होते? नावे गुप्त राहतात. शिक्षा देणे हा हेतू नसतो. आज जवळपास प्रत्येक राज्यात अशी समिती आहे.

या समित्यांनी एक मोठा गैरसमज दूर केला. मृत्यू दाखल्यांवर आधारलेला अधिकृत दर बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंतच मोजतो. म्हणजे साधारण आपला सव्वा महिना. वर्षभराचा हिशेब मांडल्यावर दिसले की गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू बाळंतपणाचा पहिला आठवडा उलटल्यानंतर होतात. प्रमुख कारणांत मानसिक आजार, व्यसन आणि आत्महत्या, अतिरक्तस्राव आणि हृदयविकार ही होती. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये हृदयविकार सर्वांत पुढे. सव्वा महिना सरला, बाळंतीण उठली, म्हणजे ती धोक्याबाहेर आली असे नव्हे.

दुसरे पाऊल: साठ दिवसांची भिंत

अमेरिकेतील सुमारे ४० टक्के बाळंतपणांचा खर्च मेडिकेड हा गरिबांसाठीचा सरकारी विमा उचलतो. कृष्णवर्णीय मातांमध्ये हे प्रमाण याहून बरेच जास्त आहे. पण गरोदरपणामुळे मिळालेला हा विमा बाळंतपणानंतर साधारण साठ दिवसांनी संपत असे. रक्तदाब अजून उतरलेला नाही, हृदयावर ताण आहे, मन खचले आहे, आणि नेमक्या त्याच वेळी डॉक्टरांची पायरी बंद. मृत्यू कधी होतात हे समित्यांनी दाखवल्यावर या नियमाचे समर्थन करणे कोणालाच शक्य राहिले नाही.

मार्च २०२१ च्या कोविड मदत कायद्याने राज्यांना हा विमा बारा महिन्यांपर्यंत वाढवण्याचा सोपा पर्याय दिला, तो एप्रिल २०२२ पासून पाच वर्षांसाठी. डिसेंबर २०२२ च्या अर्थसंकल्पी कायद्याने तो कायम केला. आज जवळपास सर्व राज्यांनी तो स्वीकारला आहे. त्यांत दक्षिणेतील अनेक रिपब्लिकन राज्येही आहेत. या सगळ्या लढ्यातील हे सर्वांत व्यापक यश. मात्र हा पर्याय आहे, बंधन नाही.

तिसरे पाऊल: मॉमनिबस

शॅलन अर्व्हिंग यांच्याबरोबर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकलेली एक परिचारिका २०१८ मध्ये इलिनॉयमधून संसदेवर निवडून आली. लॉरेन अंडरवूड तेव्हा ३२ वर्षांच्या होत्या. एप्रिल २०१९ मध्ये त्यांनी नॉर्थ कॅरोलायनाच्या अल्मा अ‍ॅडम्स यांच्यासह कृष्णवर्णीय माता आरोग्य गट स्थापन केला आणि मार्च २०२० मध्ये नऊ विधेयकांचा संच मांडला. सेनेटमध्ये तो कमला हॅरिस यांनी मांडला. मॉमनिबस या नावाने तो ओळखला जातो. २०२१ मध्ये त्यात बारा विधेयके झाली, २०२३ मध्ये तेरा.

या संचामागची समज महत्त्वाची आहे. बाळंतिणीचा जीव केवळ प्रसूतीच्या खोलीत ठरत नाही. राहायला घर, प्रवासाची सोय आणि पोषण, कृष्णवर्णीय डॉक्टर, सुईणी आणि डूलांची संख्या, मानसिक उपचार, उष्णतेच्या लाटा, तुरुंगातील गरोदर स्त्रिया, अशा प्रत्येक दुव्यासाठी वेगळे विधेयक त्यात आहे. एक विधेयक कीरा जॉन्सनच्या नावाचे. समाजातील संस्थांना थेट निधी आणि रुग्णालयांत भेदभावविरोधी प्रशिक्षण हा त्याचा गाभा.

कायदा झाला तो मात्र एकच. सैन्यात सेवा केलेल्या मातांसाठीचे विधेयक ३० नोव्हेंबर २०२१ रोजी कायदा झाले. माजी सैनिक खात्यातील प्रसूती समन्वयासाठी त्याने दीड कोटी डॉलरची तरतूद केली. बाकीच्यांपैकी बराचसा भाग त्याच महिन्यात लोकप्रतिनिधी गृहाने संमत केलेल्या बिल्ड बॅक बेटर या महाविधेयकात होता; ते सेनेटमध्ये अडकले. काही कार्यक्रमांना वार्षिक अर्थसंकल्पातून पैसा मिळाला, पण वर्षागणिक मिळणारा पैसा वर्षागणिक थांबवताही येतो.

कॅलिफोर्नियाचा धडा

राज्यांमध्ये सर्वांत जास्त शिकवून जाते ते कॅलिफोर्निया. तिथे २००६ मध्ये राज्य सरकार आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातील तज्ज्ञांच्या सहकार्याने प्रसूती सेवेचा दर्जा सुधारणारी संस्था सुरू झाली. प्रत्येक प्रसूती विभागात रक्तस्रावासाठी सज्ज गाडी, रक्त किती गेले याचा नजरेने अंदाज न करता ते मोजणे, ठरलेल्या आकड्याला ठरलेली कृती, नियमित सराव. २००६ ते २०१३ या काळात राज्यातील माता मृत्यू दर निम्म्याहून खाली आला, तोही देशाचा आकडा चढता असताना. गोऱ्या-काळ्यांमधली दरी मात्र मिटली नाही.

म्हणून २०१९ मध्ये राज्याने प्रसूती विभागातील कर्मचाऱ्यांना नकळत होणाऱ्या भेदभावाबद्दल प्रशिक्षण सक्तीचे केले. कायद्यात दंड नव्हता. राज्याच्या महाधिवक्त्यांनी २०२१ मध्ये चौकशी सुरू केली तेव्हा बहुतेक रुग्णालयांनी प्रशिक्षणाला हातच घातला नव्हता. चौकशीची पत्रे पोहोचली आणि पुढच्या वर्षभरात सुमारे चार-पंचमांश कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण पूर्ण झाले. २०२४ मध्ये नव्या कायद्याने मुदत आणि दंड दोन्ही घातले. प्रशिक्षणाने मृत्यू किती कमी होतील, हा स्वतंत्र प्रश्न आहे. पण विचारणा होणार नसेल तर कायदा कागदावरच राहतो, हे इथे लख्ख दिसले.

पुढे काय

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने १९६६ चे जुने साधन पुन्हा हाती घेतले. मेडिकेअर आणि मेडिकेडचे पैसे घेणाऱ्या रुग्णालयांनी प्रसूती सेवेत किमान काय केलेच पाहिजे, याच्या अटी प्रथमच ठरल्या: आणीबाणीची साधने खोलीत हवीत, कर्मचारी प्रशिक्षित हवेत, दर्जाची नोंद हवी.

पण जे उभे राहिले ते ढासळूही शकते. त्याच महिन्यात जॉर्जिया राज्याने आपल्या माता मृत्यू समितीतील सर्व सदस्यांना दूर केले. गर्भपातबंदीनंतरच्या दोन मृत्यूंबद्दलचे समितीचे गोपनीय निष्कर्ष पत्रकारांपर्यंत पोहोचले होते आणि त्या दोन्ही स्त्रिया कृष्णवर्णीय होत्या. एप्रिल २०२५ मधील कर्मचारी कपातीत, १९८७ पासून मातांचे अनुभव नोंदवणारे प्रॅम्स हे सर्वेक्षण सांभाळणारे सीडीसीचे पथक गेले. त्याच वर्षी जुलैमधील कायद्याने मेडिकेडच्या खर्चाला मोठी कात्री लावली.

शंभर वर्षांच्या या प्रवासातून कायदा पारखण्याची एक कसोटी हाती येते. तो कोणाला काहीतरी करायला बांधून घेतो का? सहानुभूती व्यक्त करणाऱ्या ठरावांनी कोणाची नाडी तपासली नाही. निधी देणाऱ्या कायद्यांनी मृत्यू दिसू लागले, विमा वाढवणाऱ्या कायद्याने दवाखान्याचे दार वर्षभर उघडे राहिले आणि ज्या नियमांमागे पैशाची अट किंवा दंड होता त्यांनी रुग्णालयांना सवयी बदलायला लावल्या. सरासरी दर खाली आला म्हणून समाधान मानता येणार नाही, हे २०२३ च्या आकड्यांनी सांगितलेच आहे. दर्जा सुधारूनही दरी उरते, हे कॅलिफोर्नियाने सांगितले. म्हणून प्रत्येक रुग्णालयाचे, प्रत्येक राज्याचे आकडे वंशानुसार वेगळे मोजले गेले पाहिजेत, जाहीर झाले पाहिजेत आणि सुधारणेशी सरकारी पैसा जोडला गेला पाहिजे. हे मृत्यू टाळता येतात हे सिद्ध झाल्यावर, ते न टाळणे ही निवड ठरते. आणि त्या निवडीचा जाब विचारण्याचे साधन लोकशाहीत कायदा हेच आहे.